सेहेचाळीस आलं की माझा डोळा थांबतो. असं का होतं?

स्लाइडवाली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझी नोकरी एका ओळीत सांगायची तर गुणसूत्रं मोजायची. रक्ताच्या कर्करोगाचा संशय असला की अस्थिमज्जेचा नमुना आमच्याकडे येतो. पेशी वाढवायच्या, कोलसेमिड घालून ऐन विभाजनात अडकवायच्या, पातळ क्षारद्रावणात फुगवायच्या, मिथेनॉल आणि अॅसेटिक अॅसिडमध्ये स्थिर करायच्या, आणि मग काचेवर थेंब सोडायचा. थेंब नीट फुटला तर सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं विस्कटलेल्या काड्यांसारखी पसरलेली दिसतात. अशा एका पसाऱ्याला आम्ही प्लेट म्हणतो. एका नमुन्यामागे साधारण वीस प्लेटी. माणसाचा आकडा ४६, हे तर शाळेतलं पोरही सांगेल.

तर झालं असं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एका नमुन्याच्या वीसच्या वीस प्लेटींपुढे ४६ लिहिलं. अहवाल बाहेर पडण्याआधी दुसऱ्या कुणीतरी सगळं पुन्हा पाहायचं, असा आमच्याकडे नियम आहे. आमच्या वरिष्ठ बाईंनी पाहिलं आणि चार प्लेटींत ४७ निघाली. आठ नंबरचं गुणसूत्र दोनाऐवजी तीन. मी ज्या प्लेटींच्या जोड्या लावून सविस्तर तपासणी केली होती त्यांत नेमकी या चौघींतली एकही नव्हती. बाकीच्या मी फक्त मोजल्या होत्या. आमच्याकडे जादा गुणसूत्र दोन पेशींत सापडलं तरी ते खरं धरतात. इथे चार होत्या, आणि मी चारही सोडल्या!

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तू सेहेचाळीसपर्यंत मोजलंस की सगळी मोजलीस?"

तो प्रश्न डोक्यातून जाईना. खरंच मी काय करत होते? चाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस, सेहेचाळीस, झालं, पुढची प्लेट. आकडा भरला की डोळा उठून चालू लागायचा. कडेला एखादी काडी उरली असेल तर ती 'आधीच मोजलेली' वाटायची.

मग मी जुना इतिहास उकरला आणि जरा बरं वाटलं, कारण या बाबतीत थोरामोठ्यांनी माझ्याही वरताण केलेली आहे. १९२३ मध्ये थिओफिलस पेंटर यांनी माणसाची गुणसूत्रं ४८ सांगितली. ते स्वतः आधी ४६ आणि ४८ यांच्यात घुटमळत होते. पण ४८ छापलं गेलं आणि तीसेक वर्षं तेच टिकलं. १९५२ मध्ये शू यांनी पेशी फुगवण्याची ती युक्ती माणसाच्या पेशींवर वापरली, गुणसूत्रं सुटी सुटी दिसू लागली, तरी त्यांनीही ४८च लिहिलं. शेवटी स्वीडनमधल्या लुंड इथे जो हिन त्यो आणि आल्बर्ट लेवान यांनी १९५६ मध्ये ४६ जाहीर केलं. त्यांच्याच लेखात एक उल्लेख आहे, तो मी दोनदा वाचला. आणखी काही संशोधक त्याआधी भ्रूणाच्या यकृतातल्या पेशी बघत होते. त्यांनी काम मध्येच थांबवलं, कारण त्यांना ४८ पुरी सापडेनात. फक्त ४६ दिसत होती!

म्हणजे त्यांचा आकडा भरत नव्हता म्हणून त्यांनी काम सोडलं, आणि माझा भरला म्हणून मी बघणं सोडलं.

आता प्रश्न. एक, तीन-चार वस्तू एका नजरेत कळतात आणि त्यापुढे मोजावं लागतं, हे असं का? दोन, प्राण्यांचंही असंच असतं का? आणि तीन, हा जरा वेडगळ आहे: पेशी विभागताना ४६ गुणसूत्रांच्या प्रती नीट दोन्हीकडे वाटते, मग ती स्वतः मोजते का? मोजत असेल तर कर्करोगाच्या पेशीचं गणित कुठे बिघडतं?

गणितमास्तर

ताई, धागा आवडला. तिसऱ्या प्रश्नात माझी गती शून्य. पहिल्याबद्दल सांगतो.

१८७१ साली जेव्हन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. मला तो फार लाडका आहे, कारण त्याला उपकरण म्हणून लागल्या फक्त घेवड्यासारख्या काळ्या बिया आणि एक डबी. मूठभर बिया डबीच्या दिशेने टाकायच्या, आत किती पडल्या ते एका नजरेत सांगायचं, मग मोजून पडताळायचं. असं त्याने १०२७ वेळा केलं. तीन आणि चार बियांना एकदाही चुकला नाही. पाचपासून चुकायला लागला आणि पुढे चूक वाढतच गेली. निष्कर्ष 'नेचर'मध्ये छापून आला.

मोठ्या आकड्यांत डोळा बघतो ते गुणोत्तर. ८ आणि १६ यांतला फरक चटकन कळतो, ४६ आणि ४७ यांतला अजिबात नाही. सहा महिन्यांच्या बाळांवरचे प्रयोग आहेत: ८ ठिपके आणि १६ ठिपके त्यांना वेगळे वाटतात, ८ आणि १२ मात्र वाटत नाहीत. मोठेपणी ही नजर बरीच धारदार होते, पण शेकडा दोनाचा फरक नुसत्या नजरेने पकडायचा म्हणजे अशक्यच समजा. तुमच्या चुकीत नजरेचा दोष मला तरी दिसत नाही.

हे मेंदूत प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. अपस्माराच्या काही रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठी बारीक तारा बसवलेल्या असतात. बॉनमधल्या डॉक्टरांनी आणि आन्द्रेआस नीडर यांच्या गटाने त्यांना ठिपके दाखवून एकेका चेतापेशीचे संदेश नोंदवले. कुणी पेशी 'तीन'ला सर्वांत जोरात बोलते, कुणी 'सात'ला. २०२३ च्या त्यांच्या लेखात चारच्या आसपास खरोखरच सीमा दिसते. लहान आकड्यांच्या पेशी नेमक्या असतात, शेजारच्या आकड्याला गप्प बसतात. मोठ्या आकड्यांच्या पेशी भोंगळ. 'सात'वाली सहालाही बोलते आणि आठालाही.

अवांतर: आपण 'चार लोक काय म्हणतील' असं म्हणतो, पाच लोक कधीच नाही. एका नजरेत मावतील तेवढ्याच लोकांची भीती!

मधलीसुट्टी

मी झोप येत नसली की मेंढ्या मोजतो. चारच्या पुढे मेंढ्या एकमेकींत मिसळतात. आज कारण कळलं. बाकी वाचतोय.

पिसारा

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा.

सिंहिणींपासून सुरू करते. सेरेंगेटीत कॅरन मॅकोम्ब आणि सहकाऱ्यांनी लाउडस्पीकरवरून परक्या सिंहिणींच्या डरकाळ्या ऐकवल्या, कधी एकीची, कधी तिघींची. तिघींची ऐकली की कळपातल्या माद्या पुढे जायला कचरायच्या, आणि आपल्या बाजूला जास्त जणी असल्या तर निघायच्या. लेख १९९४ चा. म्हणजे 'त्या किती, आपण किती' हा हिशेब आवाजावरून होतो. चुकला तर अंगाशी येतो, त्यामुळे तो जमत असावा यात मला नवल वाटत नाही.

कावळ्यांच्या मेंदूतही मास्तरांनी सांगितल्या तशा आकड्याच्या पेशी सापडल्या आहेत, २०१५ मध्ये. आणि २०२४ मध्ये ट्युबिंगनच्या गटाने दाखवलं की शिकवलेले कावळे खूण पाहून किंवा ऐकून ठरल्याप्रमाणे एक ते चार वेळा ओरडतात. नेमके, आणि स्वतःच्या आवाजाने. पुन्हा चारच! (प्रयोगात चारपर्यंतच विचारलं होतं, त्यामुळे यातून फार अर्थ काढू नका.)

पण ताई, तुमच्यासाठी राखून ठेवलं आहे ते कबुतर. २०११ च्या एका प्रयोगात कबुतरांना एक, दोन, तीन वस्तूंची चित्रं चढत्या क्रमाने टोचायला शिकवली. मग न शिकवलेल्या, नऊपर्यंतच्या संख्या दिल्या तरी त्यांनी क्रम बऱ्यापैकी लावला. आणि २०१५ मध्ये लेव्हन्सन, वासरमन आणि सहकाऱ्यांनी कबुतरांना स्तनाच्या ऊतींच्या स्लाइडची चित्रं दाखवून साधं आणि कर्करोगाचं यांत निवड करायला शिकवलं. बरोबर टोचलं की दाणा. दोनेक आठवड्यांत अचूकता ५० टक्क्यांवरून ८५ च्या आसपास गेली, आणि न पाहिलेल्या चित्रांवरही टिकली. अनेक कबुतरांची मतं एकत्र केली तर ९९. तुमच्या बाई जे करतात तेच: दुसऱ्या डोळ्याने बघायचं.

मुंगीचा प्रयोगही मोहक आहे. वाळवंटातल्या मुंग्यांच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून उंच केलं, तर त्या परतताना वारुळाच्या पुढे निघून गेल्या. पाय तोकडे केले तर अलीकडेच थांबून शोधू लागल्या.

शंकेखोर

पिसारा, माहिती छान, पण सगळ्याला 'मोजणं' म्हणायचं का? मुंगीला पावलांतून अंतर कळतं. तिच्याकडे 'पावलं = इतकी' असा आकडा असतो, हे त्या प्रयोगातून निघत नाही. पाण्याचा मीटरही पाण्याचे थेंब मोजत नाही.

हुशार हान्स विसरू नका. बर्लिनचा घोडा, खुरांनी टापा देऊन बेरजा सांगायचा. ओस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवलं की घोडा समोरच्या माणसाकडे बघत असतो. बरोबर आकडा आला की माणसाचं डोकं नकळत किंचित हलतं, की घोडा थांबतो. उत्तर माहीत नसलेला माणूस समोर उभा केला की हान्सचं गणित संपलं.

मधमाश्यांना शून्य कळतं, बेरीज कळते असे लेख २०१८-१९ मध्ये आले. त्यावर चिटका यांच्या गटाने दाखवलं की त्यांतल्या बऱ्याच चित्रांमध्ये ठिपके वाढले की कडांची दाटीही वाढते. माशी संख्या न बघता ती दाटी बघूनही पास होऊ शकते. त्याच गटाने संगणकावर चारच चेतापेशींचं जाळं करून अंदाजे संख्या ओळखायला लावली होती. त्यामुळे 'इवल्याशा मेंदूला जमलं म्हणजे थोर बुद्धी' असंही नाही.

स्लाइडवाली, तुमच्या गोष्टीत हान्स तुम्हीच आहात, असं मला वाटतं. राग मानू नका. तुम्हाला उत्तर आधीच माहीत होतं.

पिसारा

मुंगीबद्दल मान्य. कबुतरांबद्दल नाही. त्या चित्रांत आकार, रंग, एकूण व्यापलेली जागा हे सगळं मुद्दाम बदलत ठेवलं होतं.

दोरीचंटोक

तिसरा प्रश्न वेडगळ अजिबात नाही. मी पेशीविभाजनावर काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थोडक्यात: पेशी मोजत नाही. तिला ४६ हा आकडा ठाऊकच नाही.

विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती एकमेकींना चिकटलेल्या असतात. पेशीच्या दोन टोकांकडून दोऱ्यांसारखे तुर्कतंतू येतात आणि प्रत्येक प्रतीच्या कमरेशी असलेल्या प्रथिनांच्या गठ्ठ्याला पकडतात. त्या गठ्ठ्याला कायनेटोकोर म्हणतात. ज्या कायनेटोकोरला अजून दोरी लागलेली नाही तो सतत बोंब मारत असतो: "थांबा, थांबा." ही बोंब म्हणजे मॅड२ वगैरे प्रथिनांनी तयार केलेला रासायनिक अडसर. सगळ्यांना दोऱ्या लागल्या की बोंब थांबते, अडसर निघतो, प्रती सुटतात आणि दोन्हीकडे ओढल्या जातात. या प्रथिनांची जनुकं १९९१ मध्ये दोन गटांनी यीस्टमध्ये शोधली.

एकट्या कायनेटोकोरची बोंब किती मोठी? १९९५ मध्ये रीडर आणि सहकाऱ्यांनी पोटोरू या कांगारूच्या लहानशा भाऊबंदाच्या पेशी घेतल्या. त्यांत गुणसूत्रं थोडी आणि मोठी, म्हणून बघायला सोपी. एकच कायनेटोकोर मोकळा राहिलेला, बाकी सगळे बांधलेले, आणि पेशी थांबून. त्यांनी तो एक लेझरने जाळला. साधारण सतरा मिनिटांत पेशी पुढे निघाली. लक्षात घ्या, गुणसूत्र बांधलं गेलंच नव्हतं. ओरडणारा फक्त गप्प झाला.

म्हणजे पेशी 'किती झाले?' विचारत नाही, 'कुणी राहिलंय का?' विचारते. पहिल्या प्रश्नाला आकडा ठाऊक असावा लागतो, दुसऱ्याला नाही. म्हणूनच हीच यंत्रणा ४६ वाल्या माणसात चालते आणि १६ वाल्या यीस्टमध्येही.

गंमत म्हणजे ताई, तुमची नोकरी याच बोंबेवर चालते. कोलसेमिड तुर्कतंतू बनूच देत नाही. मग सगळेच कायनेटोकोर मोकळे, सगळेच ओरडताहेत, आणि पेशी मध्येच थबकते. तुम्ही तिला त्या अवस्थेत काचेवर घेता.

आता कर्करोग. थिओडोर बोव्हेरी यांनी समुद्री साळिंदराच्या अंड्यात दोन शुक्रजंतू शिरले की काय होतं ते पाहिलं. विभाजनाला दोनाऐवजी तीन-चार टोकं होतात, गुणसूत्रं वेडीवाकडी वाटली जातात आणि पिलं बिघडतात. त्यावरून १९१४ मध्ये त्यांनी मांडलं की घातक गाठींच्या मुळाशी गुणसूत्रांची अशीच चुकीची वाटणी असावी. आज आपल्याला माहीत आहे की घन गाठींपैकी दहातल्या सुमारे नऊंमध्ये गुणसूत्रांची संख्या बिघडलेली असते.

लोकांना वाटतं की कर्करोगात ही बोंब बंद पडत असेल. तसं क्वचितच होतं. ती पूर्ण बंद पडली तर पेशी जगतच नाही, मॅड२ नसलेले उंदीर गर्भातच मरतात. जास्त वेळा घोळ वेगळाच असतो: एकाच कायनेटोकोरला दोन्ही टोकांच्या दोऱ्या लागतात. दोरी तर लागलेली, मग ओरडणार कोण? पेशी पुढे निघते आणि ते गुणसूत्र दोन्हीकडून ताणलं जाऊन मधेच रेंगाळतं, कधी चुकीच्या बाजूला जातं. प्रश्न अचूक, उत्तरही खरं, तरी वाटणी चुकते.

आणि एकदा ४७ झाली की झालीच. पुढच्या विभाजनाला ४७ च्या ४७ बांधली जातात, कुणी ओरडत नाही, कन्या पेशींत ४७ उतरतात. निरोगी पेशी अशा गोंधळानंतर पी५३ या प्रथिनामुळे बऱ्याचदा थांबते. तुमच्या त्या चार प्लेटींतल्या पेशी थांबल्या नव्हत्या.

गणितमास्तर

वा! अहो, हे तर गणिताच्या तासाला शिकवायला हवं. रिकामा संच ओळखायला मोजता यावं लागत नाही. खुर्च्या आणि माणसं सारखी आहेत का बघायला कुणी मोजत बसत नाही, उभं कोण राहिलंय तेवढं बघतात.

शंकेखोर

दोरीचंटोक, एक्स गुणसूत्राचं काय? स्त्रीच्या पेशीत दोन असतात, एक बंद केलं जातं. तीन असले तर दोन बंद. तिथे तर 'एक चालू, बाकी बंद' असा हिशेब लागतोच ना?

दोरीचंटोक

बरोबर पकडलंत. त्या विषयातले लोक सरळ 'मोजणी' हाच शब्द वापरतात. एक्सच्या संख्येचं बाकीच्या गुणसूत्रसंचांशी प्रमाण बघितलं जातं. पण तिथेही 'दोन' हा आकडा कुठे लिहिलेला नाही, प्रथिनांची मात्रा कमीजास्त होते. मास्तरांच्या बाळासारखं, गुणोत्तर.

स्लाइडवाली

सगळ्यांचे आभार. शंकेखोर, राग नाही आला. हान्स तर हान्स. फक्त माझ्यासमोर डोकं हलवणारं कुणी नव्हतं, मीच माझ्यासमोर उभी होते.

दोरीचंटोक यांचा प्रतिसाद वाचून मी दुसऱ्याच दिवशी पद्धत बदलली. आधी प्लेटीवर मनातल्या मनात आकडा पुढे नेत जायचे. आता पडद्यावर प्लेटीचं चित्र घेऊन चार-चारांच्या घोळक्यांना वेगवेगळ्या रंगांनी खुणा करते (चार, कारण मास्तरांच्या बिया). प्रत्येक घोळका एका नजरेत तपासता येतो. आकडा मनात धरत नाही. शेवटी एवढंच बघते की खूण नसलेलं कुणी राहिलंय का. कुणीच नाही म्हटल्यावर मग घोळके मोजते आणि लिहिते. बेरीज माझ्या हातातून निघते, अपेक्षेतून निघत नाही.

त्रास असा की वेळ दीडपट लागतो. आणि एकमेकांवर पडलेली गुणसूत्रं तशीच छळतात, दोन आहेत की एकच वाकडं आहे हे खुणांनी कळत नाही. दुसरं म्हणजे काचेवर थेंब फुटताना एखादं गुणसूत्र उडून गेलं असेल तर 'कुणी राहिलंय का' या प्रश्नाला ते उत्तर देणारच नाही. म्हणून कमी भरलं तर तीन पेशींत सापडल्याशिवाय खरं धरत नाहीत, आणि जास्त भरलं तर दोन पुरतात. हा नियम मी पाठ केला होता, कारण आज कळलं. हरवणं सोपं असतं, उगवणं अवघड.

बाईंना हा धागा वाचून दाखवला. कबुतरांवर त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, "दाणे मिळत असतील तर मीही दिवसभर टोचेन."

काल संध्याकाळी एका प्लेटीत सगळ्या खुणा झाल्यावर कडेला एक बारीक तुकडा उरला. घाण म्हणावी तर रंग गुणसूत्राचा, गुणसूत्र म्हणावं तर पट्टे कुणाशीच जुळेनात. त्याच नमुन्याच्या आणखी दोन प्लेटींतही तसाच एक आहे. बाई उद्या बघणार आहेत.

पिसारा

बघितलं की इथे कळवा. मी थांबलेय.